बाळ्याचा पट्टा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. निम्मी बायकोला माहीत होती, ती तिच्याबरोबर गेली. उरलेली निम्मी माझ्याकडंच राहिली, आणि आता माझंही वय झालं. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणूनच बोलता येईल कदाचित. ओळखीच्या माणसासमोर हा विषय जवळ आला की मी तो टाळतो. मग मी म्हशींचे किस्से सांगतो, लोक हसतात, आणि ही गोष्ट आतल्या आत तशीच राहते.

मी दूधवाला. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत आमचा गोठा होता. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईक समोर उभं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला पेला तसाच त्याच्या हातात द्यायचा. बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं — न तापवता? आमच्याकडं तालमीतल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे असंच पितात. कुणी दुधाकडं बघत नाही, दूधवाल्याच्या तोंडाकडं बघतात. हे आधी सांगून टाकतोय, कारण पुढं मी जे केलं ते या पेल्यासाठी केलं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. नगरपालिकेची नुकतीच महापालिका झाली होती आणि पेठेत कुत्री माजली होती. माझंही एक होतं. नाव बाळ्या, अंगानं वासराएवढा. तांबडा, तापट, आणि वीसनखी — मागच्या पायांनाही अंगठ्यासारखं जादा नख. वीसनखी कुत्र्याला आमच्याकडं मान असतो. मला तर त्याचा केवढा तोरा! गोठ्यात परका माणूस पाय ठेवायला धजत नसे. दोघा-तिघांची धोतरं त्यानं फाडली होती, एका टपालवाल्याला कंपाउंडवर चढवून बसवलं होतं. लोक तक्रार घेऊन आले की मी हसायचो. माणसं बघून वागतं म्हणायचो.

शेवटी तालमीत बैठक बसली. हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या खड्ड्याच्या कडेनं सगळे बसलेले, कुस्तीच्या मातीचा तो तेल-ताकाचा वास, आणि जो तो ओरडतोय. काही म्हणत होते, महापालिकेची गाडी बोलवा आणि सगळीच कुत्री उचलून न्या. आम्ही जनावरंवाले म्हणत होतो, मग गोठे कोण राखणार, तुम्ही? एका बाईनं आपल्या पोराचा ओरबाडलेला दंड सगळ्यांना दाखवला. त्यावर मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, पोरं कुत्र्याला दगड मारतात ते कोण बघतं? लोक माझ्या बाजूनं हसले. ती बाई पोराला घेऊन खाली बसली.

तालमीचे वस्ताद आबा. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग निवाडा दिला. ज्यानं कुत्रं पाळलंय त्यानं गळ्यात पट्टा घालायचा आणि दिवसा बांधून ठेवायचं. पट्टा नसेल ते बेवारशी, महापालिकेनं न्यावं. आणि पट्ट्यातलं कुत्रं कुणाला चावलं, तर मालकानं ते लपवायचं नाही, मारायचं नाही. डॉक्टर सांगतील तितके दिवस चावलेल्या माणसाच्या घरच्यांना रोज दाखवायचं. मान्य असेल त्यानं हौद्यातली माती हातात घ्यायची.

आमच्या पेठेत ती माती हातात घेऊन कुणी खोटं बोलत नसे. सगळ्यांत आधी मी उठलो. मूठ भरून घेतली, कपाळाला लावली. मोठेपणाची हौस — दुसरं काय?

पट्टा केला हुसेनभाईंनी. ते पटवेकरी, म्हणजे सोनारांकडून येणारे साज आणि बोरमाळा रेशमी दोऱ्यात ओवून देणारे. हुपरीची चांदीही त्यांच्याकडं गुंफायला यायची. आमच्या गोठ्याला लागून त्यांचं घर. दिवाळीला माझ्या म्हशींच्या शिंगांना गोंडे तेच करायचे, आणि त्यांच्या घरी ईदला शीरखुर्म्याचं दूध माझं. बाळ्यासाठी त्यांनी लाल-काळ्या दोऱ्याचा जाड गोफ विणला आणि शेवटी त्यांची ती गाठ मारली — उलटी फिरवून आत दडवलेली. ती कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला जमत नाही असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं.

त्यांची मुलगी नूरी. सात-आठ वर्षांची असेल. संध्याकाळी लोटा घेऊन दुधाला यायची आणि आधी बाळ्यापाशी जाऊन बसायची. अख्ख्या पेठेवर गुरगुरणारं ते धूड तिच्यापुढं पाय वर करून लोळायचं. ती त्याची नखं मोजायची. मोजून झाली की मला ओरडून सांगायची, जणू रोज एखादं कमी-जास्त होणार होतं.

आता इथून पुढं मला जरा थांबत थांबत सांगू द्या.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस बाळ्या एकदा साखळी तोडून पंचगंगेकडं गेला आणि परत आला तो नाकाडावर जखम घेऊन. कुठल्यातरी भटक्या कुत्र्याशी झुंजला होता. मी हळद दाबली आणि विसरून गेलो. खरंच विसरलो होतो का? नाही. घाटावर एक पिसाळलेलं कुत्रं फिरतंय हे मी कट्ट्यावर ऐकलं होतं. ऐकलं, आणि म्हशीची कास धुवायला लागलो.

नंतर काही आठवड्यांनी नूरी नेहमीसारखी त्याच्यापाशी जाऊन बसली. मी कट्ट्यावर निघायच्या गडबडीत होतो. किंकाळी ऐकून वळलो तर बाळ्यानं तिची पोटरी धरलेली. भुंकला नाही, गुरगुरला नाही, नुसती धरली. मी काठीनं सोडवली. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्या नजरेत ओळख नव्हती. त्याच क्षणी मला घाटावरचं ते कुत्रं आठवलं. जो कुत्रा त्या पोरीवर कधी गुरकावला नाही, तो तिला का चावेल?

बायकोनं साबणानं जखम धुतली. हुसेनभाई पोरीला घेऊन दवाखान्यात गेले, मीही गेलो. डॉक्टर भले माणूस होते. कुत्रं कुणाचं, विचारलं. मी म्हणालो, माझं. बांधलेलं असतं का? हो. एवढ्यात दुसऱ्या कुत्र्याशी भांडलंय, चावलंय त्याला कुणी?

मी म्हणालो, नाही.

पहिलं खोटं इतकंसं होतं. एका शब्दाचं. हुसेनभाई शेजारीच उभे होते, पोर त्यांच्या खांद्यावर मुसमुसत होती. पोटातली ती इंजेक्शनं तेव्हा मोठ्या माणसालाही रडवायची, आणि नूरी तर काडीएवढी. डॉक्टर म्हणाले, कुत्रं घरचं आहे, डोळ्यांसमोर आहे, तर दहा दिवस लक्ष ठेवा. त्याला काही झालं, वागण्यात बदल दिसला, की त्याच पावली पोरीला घेऊन या. एक तासही थांबू नका. मी मान हलवली. हुसेनभाईंनी माझा हात धरला आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "तू हाईस म्हणून मला घोर न्हाय दत्तू."

ते रोज सकाळी यायचे. गोठ्याच्या दारातून बघायचे — आत कुणी जात नव्हतं, कुत्रं चावरं ठरलेलं. बाळ्या उभा दिसला की समाधानानं जायचे. पहिले एक-दोन दिवस ठीक गेले. मग बाळ्यानं पाण्याच्या बादलीकडं पाठ केली. आवाज बसला. दावणीचं लाकूड चावायला लागला, तोंडाला लाळ. मी त्याला मागच्या कडब्याच्या खोलीत कोंडलं आणि हुसेनभाईंना सांगितलं, ऊन लागतंय म्हणून आत बांधलाय. आतून तो घोगरा आवाज आला. ते म्हणाले, आवाज येतोय म्हणजे जिवंत आहे. आणि गेले.

त्याच पावली पोरीला घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले होते. दवाखाना कितीसा लांब होता? मी तालीम ओलांडली असती की आलाच.

मी गेलो नाही. कारण सांगतो, पण ती सबब म्हणून घेऊ नका. बाळ्या माझ्या म्हशींच्या दावणीला झोपायचा, त्यांची वैरण हुंगायचा. माझं कुत्रं पिसाळून मेलं ही बातमी फुटली असती, तर माझ्या म्हशीखालचा पेला पुन्हा कुणी तोंडाला लावला नसता. पलीकडच्या पेठेतल्या एका गवळ्याबद्दल नुसती कुजबुज झाली होती, त्याला गोठा मोडून गाव सोडावं लागलं. मला माझा गोठा दिसत होता. पोर दिसत नव्हती असं नाही. तीही दिसत होती. दोन्ही दिसत असताना मी गोठा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्या मेलेला सापडला. हाताला गोणपाट गुंडाळून मी त्याच्या गळ्यातला पट्टा काढला, सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकला, आणि बाळ्याला गोठ्यामागं खताच्या खड्ड्यापलीकडं पुरलं. बायको दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं. हुसेनभाई आले तेव्हा तिनंच सांगितलं की कुत्रं घेऊन मी शेताकडं गेलोय. मी तोवर एसटीत होतो. शाहूवाडीच्या पुढं डोंगरात बायकोचं माहेर. तिथं तांबड्या कुत्र्यांना तोटा नव्हता. मेहुण्याला म्हणालो, राखणीला पाहिजे. एक धिप्पाड बघून गुळाच्या रिकाम्या ट्रकमधून संध्याकाळच्या आत घेऊन आलो. त्याच्या गळ्यात तो पट्टा बांधला.

सकाळी हुसेनभाई आले आणि त्यांच्याबरोबर नूरी. लंगडत आली होती. दारातूनच तिनं हाक मारली — बाळ्या. कुत्र्यानं मान वळवली नाही. तिनं परत मारली. मग वाकून बघायला लागली, त्याच्या पायांकडं.

"अब्बा, ह्यो बाळ्या न्हाय," ती म्हणाली. "ह्याला मागची जादा नखं न्हाईत."

हुसेनभाईंनी कुत्र्याकडं बघितलं. मग मान पुढं काढून पट्ट्याकडं बघितलं. लाल-काळा गोफ, आत दडवलेली गाठ. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी बघितला. सोडायला जाणाऱ्या माणसाला त्या गाठीचा मार्ग सापडत नाही, म्हणून गोफ मी मधे कापून, खालच्या बाजूला शिवला होता. वर गाठ तशीच होती. त्यांची. आपल्या हातावर भरवसा असलेला माणूस दुसरं काय बघणार?

"पट्टा माझ्या हातचा हाय. माझी गाठ मी वळखत न्हाय व्हय?" ते तिला म्हणाले. ती रडायला लागली, पण हट्ट सोडेना. हा तो नाही, हा तो नाही. हुसेनभाईंना लाज वाटली. माझी — माझ्यासमोर आपली पोर मला खोटं पाडतेय याची. मी तालमीची माती उचललेला माणूस होतो ना! त्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. तिला पुढं ओढलं आणि म्हणाले, काकांची माफी माग.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो कुणास ठाऊक. जे बोललो ते हे होतं — जाऊ द्या भाई, लहान आहे, घाबरलीय.

"चुकलं काका," नूरी म्हणाली.

त्या दिवसापासून मी जो भ्यालो तो आजतागायत. डॉक्टरांची मुदत संपली, हुसेनभाई वाडगाभर खीर घेऊन आले, माझ्या गळ्यात पडले. तालमीत परत बैठक झाली. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "कुत्रं पाळावं तर दत्तूवानी," आणि माझ्यासारखं वागायचं हा पेठेचा नियम ठरला. दंड ओरबाडलेल्या पोराची ती आईही टाळ्या वाजवत होती. मी खाली मान घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

पण ते विष अंगात महिनोन् महिने दबा धरून बसतं हे मला माहीत होतं. कधी वर्षभरही. आणि आलं की पहिल्यांदा पाणी नको होतं, हेही माहीत होतं. बाळ्याचं बघितलं होतं मी. म्हणून मी नूरीवर नजर ठेवायला लागलो. सार्वजनिक नळावर ती ओंजळीनं पाणी प्यायली की माझा जीव भांड्यात पडायचा. एखादे दिवशी दिसली नाही की हातातली धार चुकायची. मग मी युक्ती काढली. संध्याकाळी ती लोट्यात दूध न्यायला आली की तिला आधी एक पेला प्यायला लावायचो, माझ्यासमोर, उभ्याउभ्या. ती पीत असताना मी तिच्या गळ्याकडं बघत बसायचो. घोट उतरतोय का? अडकतोय का? लोक म्हणायचे, दत्तूचा त्या पोरीवर किती जीव. हुसेनभाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं.

एकदा ती म्हणाली, आज नको, घसा दुखतोय. त्या रात्री मी झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, चिंचा खाल्ल्या होत्या.

आणि तो पेला तरी कसला होता? त्याच दावणीच्या म्हशीचा. ही दुसरी गोष्ट, हिच्यात मी आणखी खुजा ठरतो. त्या म्हशींना बाळ्या चावला नव्हता — मला वाटतं चावला नव्हता. पण खात्री नव्हती. कट्ट्यावर मी हसत हसत पेले भरत होतो, आणि आमच्या घरात दूध उतू जाईपर्यंत तापत होतं. माझ्या पोरांनी धारोष्ण मागितलं तर सर्दी होते म्हणून बायको दटावायची. दूधवाल्याच्या पोरांना दुधानं सर्दी! तिनं मला कधी विचारलं नाही. फक्त ती रोज तापवायची, आणि मी ते बघायचो.

नूरीला काही झालं नाही. का झालं नाही, मला माहीत नाही. साबणामुळं असेल, परकराच्या जाड कापडामुळं असेल. माझ्यामुळं नाही, एवढं नक्की. म्हशींनाही काही झालं नाही. डोंगरातून आणलेलं ते कुत्रं पुढं बरीच वर्षं जगलं. हळूहळू बाळ्या या नावाला ओ द्यायला शिकलं. फार मायाळू होतं. मी त्याच्या पाठीवरून कधी हात फिरवला नाही.

हुसेनभाई गेले तेव्हा मी खांदा दिला. त्यांच्या घरच्यांनीच मला पुढं बोलावलं. तो पट्टा तोवर कुजून गेला होता.

नूरीचं लग्न जयसिंगपूरला झालं. एका दिवाळीत ती माहेरी आली होती, आपल्या मुलीला घेऊन कट्ट्यावर आली. मी पेला भरून पोरीच्या हातात दिला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. हुसेनभाईंच्या आठवणी निघाल्या. आणि मग ती हसत हसत म्हणाली,

"काका, मी लहानपणी लई खोटारडी हुते न्हवं? तुमच्या बाळ्याला दुसरंच कुत्रं म्हणत हुते. अब्बांनी काय झोडपलं हुतं. तवापास्नं माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा न्हाय बघा. दाराला कुलूप लावलं तरी चारदा वडून बघते. घरात सगळी हसतात मला."

कट्ट्यावर गर्दी होती. म्हैस शांत उभी होती. तालीम गेली, आबा गेले, हुसेनभाई गेले, कुत्रं गेलं — आता बोललो असतो तर माझं काय बिघडणार होतं? कट्ट्यावरची चार गिऱ्हाइकं तुटली असती फार तर. ती माझ्याकडं बघत होती. उत्तर हवं होतं तिला असं वाटत नाही. तिनं उत्तर केव्हाच मान्य केलं होतं.

मी म्हणालो, लहान होतीस तू, घाबरली होतीस.

ती हसली. तिच्या मुलीनं पेला तोंडाला लावला होता, आणि मी त्या पोरीच्या गळ्याकडं बघत होतो — घोट उतरतोय का म्हणून. मग नूरीनं तिचं तोंड पदरानं पुसलं आणि दोघी निघून गेल्या.

तो बाळ्या नव्हता. त्याला मागच्या पायांना ती जादा नखं नव्हती. नूरीनं बरोबर बघितलं होतं.